उपचारांनंतरचं पान

नणंद-भावजय म्हटलं की लोकांना विळ्याभोपळ्याचं नातं आठवतं. या दोघींचं मात्र छान जमायचं. भावजयीचं विगचं दुकान होतं आणि नणंद वेबसाइट बनवायची. दुकानाची साइटही तिनेच बनवलेली.

त्या आठवड्यात तिने साइटवर जाहिरातींचा कोड बसवला. कोण कोणतं पान उघडतं, याची खबर तो सोशल मीडियावाल्या कंपनीला द्यायचा. मग त्या माणसाला त्याच पानाची जाहिरात दिसत राहायची. नाटकवाल्यांना नाटकाचे विग, टक्कलवाल्यांना टकलाचे. अर्ध्या तासाचं काम. तिने तो सगळ्या पानांवर एकदमच डकवून टाकला.

"वन्सं, फोन वाढले हो!" वहिनी खूश होती.

गुरुवारी दुपारी दुकानात एक बाई आली. डोक्याला घट्ट रुमाल. वहिनीने खुर्ची पुढे केली, पण ती बसली नाही.

"रविवारी तुमच्या साइटवर एक पान पाहिलं होतं मी. उपचारांत केस गेलेल्यांसाठीचं. दोन मिनिटं, फार तर." तिने पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "तेव्हापासून फोन उघडला की तुमचीच जाहिरात. तेही सोसलं. काल स्टाफरूममध्ये सहलीचे फोटो दाखवायला मोठ्या स्क्रीनवर माझं खातं उघडलं. पहिलीच ओळ : उपचारांत केस गळताहेत? सगळे माझ्या डोक्याकडे बघायला लागले. मी शाळेत कुणालाच सांगितलं नव्हतं. मुलालासुद्धा नाही."

"अहो बाई, आम्ही तुमचं नावही जाणत नाही," वहिनी गडबडली. "आम्ही काही केलेलं नाही."

काउंटरमागे लॅपटॉप घेऊन बसलेली नणंद उठली. खुर्ची मागे धडकली.

"मी केलंय," ती म्हणाली.

कोड म्हणजे काय, हे ती सांगू लागली. शब्द एकमेकांवर आदळत होते.

शिक्षिकेने मध्येच विचारलं, "माझं नाव दिसलं तुम्हाला?"

"नाही. मला नुसता आकडा दिसतो."

"मग त्यांना कसं कळलं?"

"तुमचं खातं त्यांच्याकडे आहे. पान कोणतं, ते मी कळवलं."

हे मोठ्याने म्हटल्यावर तिचं तिलाच ते नव्याने कळलं. तिने उभ्याउभ्याच त्या पानावरचा कोड काढला, पान पाहिलेल्यांची कंपनीकडे जमलेली जाहिरातीची यादी पुसली, जाहिरात बंद केली. घाईत पासवर्ड दोनदा चुकला.

"झालं. आता दिसणार नाही."

"आणि जे गेलं ते?"

"ते परत आणता येत नाही मला."

वहिनीने हळूच विचारलं, "माप घेऊ का?"

"आज नको," म्हणून शिक्षिका निघून गेली.

नणंदेला घरी चैन पडेना. जेवताना उठून ती पुन्हा साइट तपासून आली. कोड नव्हता, तरी पुन्हा गेली. मग एकदम तिच्या लक्षात आलं, आपण असा कोड आणखी अकरा ठिकाणी बसवलाय. त्यात एक दातांचा दवाखाना होता, एक वकील फक्त घटस्फोटाच्या केसेस घेणारा आणि एक दारू सोडवणारं केंद्र.

सकाळी आठ वाजताच तिने केंद्राच्या व्यवस्थापकाला फोन लावला.

"कोड काढायचाय."

"का? चांगले फोन येताहेत की!"

"पान बघणाऱ्याच्या बायकोला त्याच्या फोनवर तुमची जाहिरात दिसली तर?"

"तर ती त्याला घेऊनच येईल आमच्याकडे," तो हसला.

"आणि त्याच्या मालकाला दिसली तर?"

त्याचं हसू थांबलं. "चालेल. काढा," शेवटी तो म्हणाला, पण आवाज पडला होता.

वकील चिडला. हवं ते करायला दुसरे पुष्कळ आहेत, असं सुनावून त्याने काम काढून घेतलं. आठवडाभर ती एकेकाला गाठत राहिली. नऊ जणांनी ऐकलं.

दहा-बारा दिवसांनी वहिनीचा फोन आला. "त्या बाई काल येऊन गेल्या. सोबत मुलगा होता."

"काय म्हणाल्या?"

"ते मी सांगणार नाही, वन्सं. त्यांना विचारल्याशिवाय तर नाहीच."

नणंदेने पुढे विचारलं नाही.