रॅम्पला पहिलं बक्षीस

शहरातल्या त्या कलादालनात माझं काम तीन वेळा मांडलं गेलं, आणि तिन्ही वेळा मी पायऱ्यांखाली बसून लोकांच्या तोंडून ऐकलं की छान दिसतंय. माझ्या खुर्चीला चाकं आहेत, दालनाला पायऱ्या आहेत आणि दोघांपैकी कोणीच मागे हटायला तयार नव्हतं. आमंत्रणपत्रिकेत मी दिव्यांग कलाकार असते, पायऱ्यांपाशी पोचले की अडचण होते.

एकदा चौघांनी मला खुर्चीसकट उचललं होतं. मधल्या पायरीवर त्यांच्यातल्या एकाचा फोन वाजला आणि त्याने तो घेतला. मी तिथूनच परत खाली उतरवायला लावलं आणि ठरवलं की मी काही कपाट नाही. जाईन तर स्वतःच्या चाकांवर, नाहीतर राहिलं.

तुम्ही म्हणाल, काम आत गेलं ना, मग झालं. नाही झालं. मी मातीचे हात करते. खुर्चीत बसून रांग धरली की माणसांचे चेहरे दिसत नाहीत, हातच दिसतात. पिशवीचा बंद आवळणारे, पाठीमागे एकमेकांना धरून बसलेले, खिशात किल्ल्या खुळखुळवणारे, कुणी बघत नाही असं समजून नको तिथे खाजवणारे. प्रत्येक हात एका सळईवर आणि खाली लोखंडाचं जड बूड. हे हात माझ्या डोळ्यांच्या उंचीवर असले, की बघणाऱ्याला वाकावं लागतं आणि तो माझ्या रांगेत येतो. मागच्या खेपेला दालनवाल्यांनी सळया लांब करून सगळे हात उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर आणले. फोटो बघितला, तर अख्खी गर्दी पोलिसांना शरण आलेली. एका समीक्षकाने 'पराभवाचं विलक्षण दर्शन' असं लिहून माझं कौतुकही केलं.

म्हणून यंदा व्यवस्थापकांचा फोन आला, "ताई, दिव्यांग कलाकारांसाठी खास संधी आहे, मोठा हॉल तुमचाच," तेव्हा मी म्हटलं, "हॉल नंतर, साहेब. आधी रॅम्प. मांडणी मी आत येऊन स्वतः करणार." ते हो म्हणाले, आणि रॅम्पचं काम माझ्या दादाकडे आलं.

दादा सुतार आहे. मला तो लहानपणापासून तिखट म्हणतो आणि माझ्यासमोर शक्यतो गप्प राहतो. रॅम्प मात्र त्याने जीव ओतून केला. चढ इतका हलका की दम लागू नये, फळ्यांवर चाक घसरू नये म्हणून बारीक खाचा, कठडा पॉलिश करून गुळगुळीत. संध्याकाळी तो पायऱ्यांशेजारी नेऊन ठेवला, मजुरांनी उलटा बसवू नये म्हणून वरच्या फळीवर जाड पेन्सिलने 'ही बाजू वर' असं लिहिलं, बाण काढला आणि सकाळी बोल्ट मारू म्हणून घरी आला.

सकाळी तो पोचण्याआधी परीक्षक पोचले. सगळ्या दालनातून एका कलाकृतीला बक्षीस द्यायचं होतं. मुख्य परीक्षक गळ्यात मफलर गुंडाळून दारातच थबकले. त्यांनी रॅम्पकडे लांबून पाहिलं, मग जवळून पाहिलं, मग डोळे मिटून घेतले. दादा बोल्ट आणि पाना घेऊन पोचला, तोवर निकाल लागला होता. 'ही बाजू वर' या शिल्पाला पहिलं बक्षीस.

"हा माणूस कोण?" परीक्षकांनी विचारलं.

"मी हा बनवला," दादा म्हणाला.

"या चढामागे तुमची भूमिका काय?"

"भूमिका कसली साहेब? चाक घसरू नये एवढंच."

"घसरण्याची आदिम भीती," असं म्हणत परीक्षकांनी ते टिपून घेतलं. मग जरा कचरत विचारलं, "ही संधी दिव्यांगांसाठी राखीव आहे. तुमचं... म्हणजे..."

"उजवा गुडघा दुखतो कधीकधी."

तेवढं पुरलं.

मी माती मळायचं सोडून धावतपळत, म्हणजे माझ्या रीतीने, तिथे पोचले. रॅम्प बोल्ट मारून दाराशी बसवला होता, पण त्याच्याभोवती लाल दोरी लावलेली होती. वर दिवा, बाजूला पाटी, 'कलाकृतीला स्पर्श करू नये'. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"साहेब, हा रॅम्प आहे," मी म्हटलं.

"होता, ताई," व्यवस्थापक हळहळून म्हणाले. "काल संध्याकाळपर्यंत होता. आता परीक्षकांचा शब्द. माझे हात बांधलेले आहेत."

"मग दुसरा बनवा."

"ती नक्कल होईल. मूळ कृतीची किंमत पडेल. मी समितीला विचारलं."

"मी वर कशी जाणार?"

"तोच तर या शिल्पाचा विषय आहे," मागून परीक्षक म्हणाले. "वर जाता न येणं! तुम्हाला तर हे कोणापेक्षाही जास्त भिडलं असेल."

भिडलं होतं. मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढचा आठवडा त्या रॅम्पची नुसती चंगळ होती. त्याचा विमा उतरवला गेला. त्याच्यावर एक भाषण झालं. त्याला परदेशातल्या दालनातून बोलावणं आलं, जाण्यायेण्याची आणि राहण्याची सोय करून. मला इतक्या वर्षांत शेजारच्या गावातूनही आलं नव्हतं. मी रोज फोन करायचे, व्यवस्थापक रोज काहीतरी तोडगा काढायचे. चाकांना लोकरीचे मोजे घालून चढता येईल का, यावर समितीची बैठक झाली. मी ईर्षेने मोजे विणून घेतले, घालून गेले. समितीचं उत्तर आलं की लोकरीचे धागे लाकडात अडकतील.

दादाच्या अंगावरही मूठभर मांस चढलं होतं. त्याने नवा सदरा शिवला. एका संध्याकाळी जेवताना म्हणाला, "तसा चढ बरा साधलाय नाही मला? ते साहेब म्हणाले, यात करुणा आहे."

"दादा, तू तो कोणासाठी बनवलास?"

त्याचा घास हातातच राहिला. तो माझ्याकडे बघेना. "तुझ्यासाठी गं, तिखट," एवढंच म्हणाला आणि नवा सदरा काढून खुंटीला अडकवून आला. मला त्याचा राग आला होता आणि त्याची कीवही आली. माझं तर सगळंच पणाला लागलं होतं. यंदाही हात दुसऱ्यांनी मांडले, तर पुन्हा ते शरण आलेले दिसणार, आणि मी पुन्हा खालून फोटो बघणार.

उद्घाटनाच्या दिवशी दुपारी आम्ही टेम्पोतून सगळे हात घेऊन गेलो. व्यवस्थापक दारात उभे होते. "आमची माणसं आत नेऊन मांडतील, ताई. तुम्ही खालून सांगा, ते वर ऐकतील."

"आत काही न्यायचं नाही," मी म्हटलं. "दादा, पायऱ्यांवर लाव."

दादाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग पायऱ्यांकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. पायऱ्यांना दोरी नव्हती. पायऱ्यांना कोणी बक्षीस दिलं नव्हतं, त्यामुळे तिथे काही ठेवायला बंदीही नव्हती. खालच्या दोन पायऱ्यांवरचे हात मी स्वतः लावले, वरचे मी सांगितले तसे दादाने. पायऱ्या हातांनी भरल्या. पाऊल टाकायला फट उरली नाही.

व्यवस्थापकांची ततपप झाली. "ताई, लोक जाणार कुठून?"

"मलाही हाच प्रश्न पडला होता, साहेब."

"हे हलवा!"

"कलाकृती आहे. स्पर्श करू नये."

संध्याकाळी लोक जमले. पायऱ्यांपाशी आले, थांबले, आणि गर्दी वाढू लागली. छायाचित्रकार थांबले. मफलरवाले परीक्षक थांबले आणि वाट बघण्याविषयी काहीतरी बोलू लागले, पण त्यांनाही थंडी वाजत होती. मी सगळ्यांच्या मध्ये खुर्चीत बसले होते. मग प्रमुख पाहुण्या आल्या, मोठ्या हुद्द्यावरच्या बाई, उंच टाचांच्या बुटांत. त्यांनी हातांकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि विचारलं, "वर कसं जायचं?"

व्यवस्थापकांनी एक क्षणही घालवला नाही. लाल दोरीचा आकडा काढला, पाटी उचलून काखेत मारली आणि वाकून म्हणाले, "या, या बाई, इकडून. चढ आहे, सावकाश."

मी मोठ्याने ओरडले, "साहेब, शिल्प!"

"पाहुण्यांना काय खाली उभं करायचं का, ताई?" ते खरोखर दुखावून म्हणाले.

मला वाटलं होतं, हे घडलं की मी जिंकल्यासारखी हसेन. हसू आलंच नाही. आठवडाभर मी फोन करून करून थकले होते, मोजे विणले होते, आणि त्या बाईंनी नुसतं विचारलं. माझे डोळे भरून आले आणि मला स्वतःचाच राग आला.

बाईंच्या मागे परीक्षक गेले, त्यांच्या मागे सगळे. मी रांगेत शिरले. दादाने हात पुढे केला, मी नको म्हटलं. चढ खरंच हलका होता, चाक कुठेही अडखळलं नाही. उंबरठ्याशी धक्का बसेल म्हणून मी दात आवळले होते, तो धक्काही बसला नाही. मी आत होते.

मोठा हॉल लख्ख उजळलेला आणि पार रिकामा होता. सगळे भिंतीकडेला आदराने उभे होते.

"काय धाडस!" परीक्षक कुजबुजले. "संपूर्ण रिकामा हॉल!"

"अहो, काही धाडसबिडस नाही," मी म्हटलं. "तुम्ही मला आत येऊ दिलं नाहीत म्हणून रिकामा आहे."

"तेच! अगदी तेच!" म्हणून त्यांनी वही काढली.

"वही ठेवा खाली. बाहेर जा आणि एक हात घेऊन या. बूड जड आहे, दोन्ही हातांनी धरा. सगळ्यांनी जायचं. बाई, तुम्हीसुद्धा."

काय झालं कोणास ठाऊक, पण ते गेले. बहुधा त्यांना तेही कार्यक्रमात आहे असं वाटलं. पाहुण्या बाई बूट काढून मूठ वळलेला एक हात घेऊन आल्या. परीक्षक धापा टाकत रॅम्पवरून वरखाली करत होते आणि त्याच्याबद्दल एक अक्षर बोलत नव्हते. मी हॉलच्या मधोमध बसून सांगत होते. थोडं डावीकडे. अजून. पाठ भिंतीकडे नको. मला आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

शेवटी व्यवस्थापक आले. त्यांनी आणलेला हात कुणाला अडवताना पुढे करतात तसा, तळवा उघडा, बोटं जुळलेली. ते घामाघूम झाले होते.

"हा कुठे ठेवू, ताई?"

"इथे. माझ्यासमोर."

त्यांनी तो ठेवला आणि बरोबर बसलाय का ते बघायला माझ्या शेजारी वाकले. तळवा थेट त्यांच्या चेहऱ्यासमोर आला. ते जरासे मागे सरकले.

"हे कोण थांबवतंय?" त्यांनी विचारलं. "कोणाचा हात आहे?"

मी त्यांच्या करंगळीतल्या अंगठीकडे पाहिलं. मातीच्या करंगळीतही तशीच होती. त्यांनीही पाहिलं, आणि आपला हात हळूच खिशात घातला.