सोडवणाऱ्याविना भांडण

आमच्या आंधळगावात भांडण करायची एक रीत आहे. आधी शिव्या होतात, मग बाह्या वर जातात, मग एकजण ओरडतो, "धरू नका मले," आणि त्याच्या आधीच दोघातिघांनी त्याला धरलेलं असतं. धरल्यावर माणूस फार शूर होतो. शेताच्या धुऱ्यावरून, पाण्याच्या पाळीवरून, कुणाच्या बैलानं कुणाचं पीक खाल्लं यावरून मी जन्मभर भांडणं पाहिली, पण त्यात कुणाचा दात पडलेला मला आठवत नाही. याचं पुण्य आनंदरावांचं. आनंदराव म्हणजे गावचे सोडवणारे. वय सत्तरीचं, पण कुठं आवाज चढला की भरल्या ताटावरून उठून धावतात. ते पोचेपर्यंत भांडणारेसुद्धा शिव्यांवरच वेळ काढतात.

मी सुलोचनाबाई. अंगणवाडीतून निवृत्त झाले आणि गुडघ्यांनी असहकार पुकारला. डॉक्टर म्हणाले, चालत जा. चालत चालत बोडीच्या, म्हणजे आमच्या गावतळ्याच्या, पाळीपर्यंत गेले, तर खालच्या मोकळ्या जागेत अनुपचा बायकांचा कराटे क्लास चाललेला. दुसऱ्या दिवशी मीही पांढरा पट्टा बांधला. गाव हसलं. हसेना का, गुडघे माझे आहेत, गावाचे नाहीत.

अनुप आमच्याच गावचा पोरगा. ब्लॅक बेल्ट, घरात पदकांनी भरलेलं कपाट, आणि स्वभाव असा की विंचू दिसला तरी त्याला न दुखवता बाजूला सारायला काडी शोधेल. सकाळी बायका आणि संध्याकाळी शाळेची पोरं, एवढ्यावर त्याचं पोट. क्लास बंद पडला तर नागपुरात एका मॉलच्या दारावर उभं राहायची नोकरी तयार होती. त्याची आई लीलाबाई तो जाऊ नये म्हणून घरोघरी फिरून क्लासला बायका गोळा करायची. मला वाटतं निम्म्या बायका कराटेसाठी नव्हे, लीलाबाईला नाही म्हणवेना म्हणून आल्या होत्या.

अनुपची शिकवण एकच होती. ठोसा कातडीपर्यंत न्यायचा, हाडापर्यंत नाही. ठोसा टेकला की पॉइंट. पॉइंट झाला की दोघींनी आपापल्या रेघेवर परत जायचं आणि पंचाकडे पाहायचं. पंच नेहमी हर्षा, कारण तिचा आवाज बोडीच्या पलीकडे जातो. खेळणाऱ्यांच्या कमरेला एक लाल आणि एक निळी पट्टी, आणि पंचानं त्यांना लाल आणि निळा एवढंच म्हणायचं, नाव घ्यायचं नाही. आमच्या क्लासात सासवा होत्या, सुना होत्या, जावा होत्या. त्यामुळे ही सोय सगळ्यांना फारच पटली.

हर्षाचा नवरा अंकुश. धान चुरायची, म्हणजे मळणीची, मशीन त्याची, ट्रॅक्टर त्याचा, आणि गावातला सगळ्यात मोठा आवाजही त्याचा, म्हणजे हर्षा गप्प असेल तेव्हा. पानठेल्यावर लोक त्याला रोज डिवचायचे की घरी सांभाळून राहा, बायको लाथा शिकून राहिली. हे त्याला झोंबलं. पण झोंबलं असं कोण सांगतो? त्यानं धानाचं निमित्त काढलं. कापणी झाल्यावर एका सकाळी त्यानं मशीन आणून क्लासच्या मधोमध उभी केली. जागा ग्रामपंचायतीची, तेव्हा आम्ही सरपंचाकडे गेलो. सरपंच म्हणाले, आपसात पाहून घ्या.

आपसात म्हणजे कसं, ते अंकुशनंच ठरवलं. "मास्तर," तो अनुपला म्हणाला, "हे तुमचं नाचणं खरं असन, त माह्यासंग खरं भांडून दाखवा. तुमी जितले त मशीन हलवतो. हरले त क्लास बंद." वर एक अट घातली की मध्ये कोणी पडायचं नाही, आनंदरावांनी तर मुळीच नाही. अनुपनं आमच्याकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं, आणि बरं म्हणाला. मी त्याच्यावर तिथंच भडकले. कायले हो म्हटलं, असं विचारलं, तर म्हणतो, "मावशी, ते मशीन ढकलून त हलनार नाही ना."

रविवारी सकाळी अख्खं गाव मंडईच्या जत्रेला लोटावं तसं बोडीवर लोटलं. आनंदराव एका दगडावर बसले होते, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, म्हणजे ते आपोआप उठायला नकोत. अनुप पांढऱ्या कपड्यांत आला, आणि सवयीनं निळी पट्टीसुद्धा बांधून आला. अंकुशनं गळ्यातला लाल दुपट्टा काढून कमरेला कसला.

अनुपनं वाकून नमस्कार केला. अंकुश गोंधळला, त्यानंही अर्धा नमस्कार केला, मग चूक लक्षात येऊन शिव्या सुरू केल्या. शिव्यांचं काय करायचं हे अनुपला कोणी शिकवलं नव्हतं. तो पवित्रा घेऊन शांत उभा राहिला. अंकुशनं बाह्या सारल्या आणि गरजला, "आता धरू नका मले. सांगून ठेवतो, धरू नका."

कोणीही धरलेलं नव्हतं. त्यानं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. आनंदराव अर्धे उठले, शेजारच्यानं त्यांना खाली बसवलं. अंगणवाडीत पहिल्या दिवशी आई बोट सोडून गेली की पोराचा जसा चेहरा होतो, तसा अंकुशचा झाला. मला त्याच क्षणी कळलं की या गड्यानं आयुष्यभर भांडणं केली आहेत आणि आजवर कुणाला मारलेलं नाही.

तेवढ्यात अनुप पुढं सरकला. त्याची मूठ अंकुशच्या नाकाला जेमतेम टेकली, आणि तो परत येऊन आपल्या रेघेवर उभा राहिला. लोकांना काही झालं हेच कळलं नाही. अंकुशनं नाक चाचपून पाहिलं. मग दुसरं काही सुचेना, म्हणून तो चालत गेला आणि रेघेवर उभ्या असलेल्या अनुपच्या कानाखाली एक ठेवून दिली.

अनुपनं उलट हात उचलला नाही. तो वळून पंच शोधू लागला. उघड्या हातानं तोंडावर मारणं त्याच्या नियमात बसत नव्हतं, आणि हे कोणीतरी सांगायला हवं होतं. आम्ही बायका दात खाऊन म्हणत होतो, सर, मारा ना. सर पुन्हा गेले, अंकुशच्या बरगडीला मूठ टेकवली, पुन्हा रेघेवर आले, आणि पुन्हा थप्पड खाल्ली. लीलाबाईनं पदरात तोंड लपवलं. मला रडू आलं, आणि राग आला, आणि राग नेमका कोणाचा तेही कळेना. इतकं चांगलं शिकलेला पोरगा, की चांगलं सोडून त्याच्या हाताला दुसरं काही येतच नव्हतं.

अंकुशनं तिसऱ्यांदा हात उचलला. त्यालाही आता मजा येत नव्हती. त्याचंच तोंड रडवेलं झालं होतं. थांबवायला कोणी नाही, आणि गावासमोर आपणहून थांबायचं कसं?

"यामे!"

यामे म्हणजे थांबा. आवाज हर्षाचा होता. अनुपचे पाय जागच्या जागी जुळले, आणि अंकुशचा हात वरच्या वर राहिला. हर्षा पदर खोचून दोघांच्या मधोमध येऊन उभी राहिली. लग्न झाल्यापासून तिनं नवऱ्याचं नाव घेतलेलं नव्हतं, तिनं आजही घेतलं नाही.

"लाल. तोंडावर चापट, फाउल. लायनीवर चाला."

"कोन लाल?" अंकुश म्हणाला.

"कमरेले काय बांधलं हाय?"

त्यानं खाली आपल्या दुपट्ट्याकडे पाहिलं. मग हळूच विचारलं की लाइन कुठं आहे. तिनं पायाच्या अंगठ्यानं मातीत रेघ ओढली, आणि तो मुकाट्यानं जाऊन त्या रेघेवर उभा राहिला. मुकाट्यानं काय, खुशीनं उभा राहिला. शेवटी कोणीतरी त्याला धरलं होतं.

आणि धरल्यावर माणूस शूर होतो, हे मी आधीच सांगितलं. अंकुश आता खरा जोशात आला. अनुपचा ठोसा छातीला टेकला, हर्षानं निळ्याला पॉइंट दिला, तर हा हुज्जत घालू लागला की लागलाच नाही. दगडावरून आनंदराव म्हणाले, "लागला बे, मी पायलो." मग सगळं गावच पंच झालं. अंकुशनं कवेत धरायला पाहिलं, फाउल. लाथ घातली, ती अनुपला न लागता रेघेबाहेर गेली, तिच्यासोबत तो स्वतःही गेला, तोही फाउल. इशाऱ्यांवर इशारे झाले, आणि हर्षानं हात निळ्याकडे उचलला. लाल बाद. लीलाबाईनं पदर बाजूला करून पाहिलं.

अंकुशनं दुपट्टा सोडून जमिनीवर आपटला. "हे काही खरं भांडन नोहे," तो म्हणाला.

हर्षानं दुपट्टा उचलला, झटकला, घडी केली आणि त्याच्या खांद्यावर ठेवला. "खरं पायजे असन त घरी चाला," ती म्हणाली. "तठी सोडवाले आनंदरावबाबा बी येनार नाहीत."

अंकुशनं आनंदरावांकडे पाहिलं. आनंदराव बोडीतल्या पाण्याकडे पाहू लागले. थोड्या वेळानं ट्रॅक्टर सुरू झाला आणि मशीन जागेवरून हलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लासला सगळ्यांत आधी हर्षा आली. घरी काय झालं, हे विचारायला आम्ही सगळ्या टपलोच होतो. ती एवढंच म्हणाली की आज चहा त्यायनं मांडला. अनुपचा गाल पुरणपोळीसारखा टम्म फुगला होता. तो म्हणाला की आजपासून एक नवीन गोष्ट शिकायची, ठोसा टेकल्यावर मागं सरायचं नाही. मग आम्ही तालमीला लागलो. ठोसा टेकवला आणि सवयीनं सगळ्या रेघेवर परत गेलो. सगळ्यांत आधी सर गेले.

एकटी हर्षा जागची हलली नाही.