उत्तरेकडे सरकलेला दोरा

"सर, दिल्ली के एअरपोर्ट से सॅन फ्रान्सिस्को का एअरपोर्ट, सीधा उड़के, कितना दूर है?"

अकरावीच्या वर्गात साक्षीनं उभं राहून विचारलं. मग मागून कीर्तीचं दाबून धरलेलं हसू फुटलं. पैज तिचीच होती: मॅथ्सच्या भैयालाल सरांना भर तासात असल्या फालतू प्रश्नानं अडवायचं. बक्षीस, एक प्लेट गुपचुप, म्हणजे पाणीपुरी. दहावीपर्यंत वर्गात तोंडही न उघडलेली साक्षी ताडकन उठली होती खरी, पण आता तिचे कान तापले होते.

सर रागावलेच नाहीत. कपाटावरचा धुळकट पृथ्वीगोल आणि पंधरा ऑगस्टच्या पताकांचा उरलेला दोरा त्यांनी तिच्या पुढ्यात ठेवला. "नाप के बता. पूरा गोल चक्कर चालीस हज़ार किलोमीटर."

साक्षीनं दोरा जपानवरून, महासागरावरून आडवा नेला. ताणला, तसा तो निसटून आपसूक वर सरकला. हिमालय, सायबेरिया, बर्फाचा समुद्र, अलास्का! पुन्हा आडवा धरला, पुन्हा वरच. वरून गेला की दोरा कमी लागत होता. साडेबारा हजारांच्या आसपास.

घंटा झाली तरी ती उठेना. ती केव्हाच विमानात बसली होती. खाली पांढरंशुभ्र, न संपणारं काहीतरी झोपलेलं, त्यावर विमानाची इवलीशी सावली सरकतेय...

मग तिनं आपली भिलाई शोधली. करंगळीचं नख टेकवलं, तर भिलाई आणि गोंदियाजवळचं त्यांचं गाव, दोन्ही त्याखाली झाकली गेली. याच गावी जावं लागणार म्हणून ती महिनाभर उशीत तोंड खुपसून रडत होती! तिचे बाबा नागसेन भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवायचे. अख्खी नोकरी एका शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आता रिटायर होणार, क्वार्टर सोडायचं, गावी जायचं. तिथल्या शाळेत अकरावीला फक्त आर्ट्स.

घरी आली तर सामानाची बांधाबांध चालली होती.

"कावून वं, हसून राहिली एकटीच?" आईनं विचारलं.

"साक्षी, पाय दे बरं या गाठीवर," बाबा गाद्यांचा गठ्ठा आवळत म्हणाले.

तिनं पाय दिला नाही. "बाबा, माही गादी नका बांधू."

"कावून?"

"मी गावाले येत नाई. सुनिता मावशीकडे राहीन, इथंच वैशाली नगरात. मॅथ्स सोडनार नाई. विमानाचा रस्ता काढनारे लोक असतेत, मले ते व्हायचं हाय."

"अवो बाप्पा! अन् आमी तिकडे? एवढ्या दूर, एकटी पोरगी?"

"दूर कुठं, आई? सकाळच्या गाडीनं निघाली का दुपारी तुह्या हातचं जेवीन."

आई बाबांकडे पाहत राहिली. बाबांनी गाठ सोडली, तिची गादी ओढून भिंतीशी ठेवली, आणि उरलेल्या गठ्ठ्यावर स्वतःचाच गुडघा रोवून दोरी पुन्हा आवळायला घेतली.