चाळीस पेले

भामाबाईनं ट्रेवरचं प्लास्टिक टराटरा फाडलं. आईला न विचारता तिचं नाव परस्पर कोरून आणायचं, ही कुठली रीत? स्टीलच्या ट्रेत बोटाएवढे चाळीस पेले, आणि कडेला ठळक अक्षरांत ‘भामाबाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त, शमुवेल क्लासेस, लातूर’.

उद्या चर्चमध्ये प्रभुभोजनाचा रविवार, एकाच प्याल्यातून सगळ्यांनी रांगेनं द्राक्षारस घ्यायचा. पाळकसाहेबांचा होकार घेतलाय, लेक शमुवेल सांगत होता. मोठ्या शहरांतल्या चर्चमध्ये आता ज्याचा त्याचा पेला वेगळा असतो. आपल्याकडेही चांगल्या घरची माणसं यायला लागलीत, एका प्याल्याला चाळीस तोंडं लागलेली त्यांना कशी चालतील?

“चाळीस तोंडांचं सांगू नको,” भामाबाई म्हणाली. “तुला तरास एकाच तोंडाचा हाय. घे की त्याचं नाव.”

शमुवेल मोबाइल चाळत राहिला. मलप्पा शहरातल्या नाल्या उपसायचा, आणि प्याला ओठांना लावण्याआधी बाहीनं तोंड पुसायचा.

भामाबाईचा आवाज चढला. औशाच्या हॉटेलात तिच्या बापाचा कप वेगळा असे, कान तुटलेला, बाहेर वळचणीला खोचलेला. चहा पिऊन त्यानंच तो धुवायचा आणि परत खोचायचा. तिचा बाप्तिस्मा झाला त्या रविवारी तिनं प्याल्याला तोंड लावलं, आणि तिच्यामागून पाळकीणबाईंनी त्याच कडेला लावलं. त्या दिवसापासून ती कुणापुढं वाकली नाही. तेव्हा अंगावर फुटका मणी नव्हता. हे सगळं तिनं शमुवेलला पुन्हा एकदा ऐकवलं.

“तुझ्या आज्याला येगळा कप दुसऱ्यानं दिला व्हता. तू सोताहून इकत आनलास. वर नाव माझं घातलंस.”

 बोलली ती सून शिल्पा, मेथी निवडत, मान वर न करता.

“आत्याबाई, तुमी तरी मलप्पामामाच्या मागं कधी हुभ्या राहिलात?”

भामाबाईला प्रभुभोजनाची रांग आठवली. 

गाणं संपायच्या आत, गुडघे ठणकत असले तरी ती रांगेत पुढं असायची. लोक म्हणत, म्हातारीची भक्ती बघा. तिलाही तसंच वाटत आलं होतं. गेल्या महिन्यात मलप्पा आधीच रांगेत होता. ‘पाय धरलेत रे बाबा’ म्हणत ती त्याच्या पुढं घुसली. त्यानं हाताला धरून वाट करून दिली, वर विचारलंही, माय, लई दुखून राहिलं का?

मेथीच्या काड्या तुटत राहिल्या. भामाबाईनं ट्रे उचलला आणि लेकाच्या मांडीवर आदळला. दोनतीन पेले खाली घरंगळले. कुणी वाकलं नाही.

“हे वापस कर,” ती म्हणाली. “उद्या मलप्पाच्या मागं मी, माझ्या मागं तू. तू माझ्यावरच गेलायस, शम्या. त्येच वाईट झालं.”