आईची नारिंगी गाडी

बाबा स्वतःच्याच गाडीत शेजारच्या सीटवर बसायला तयार होईनात, तिथून हे सगळं सुरू झालं.

अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून त्यांच्या उजव्या हाताची मूठ मिटून राहिली होती आणि पायात जोर नव्हता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आता नेमानं व्यायामाला नेलंत तर बोटं उघडतील, नाहीतर ती तशीच राहतील. टॅक्सी एकदाच करून पाहिली. टॅक्सीवाल्याला घाई, बाबांची काठी दारात अडकलेली, आणि शेवटी भर रस्त्यात लोटांगण. त्यानंतर घरात टॅक्सीचं नाव काढायची सोय उरली नाही. मग आईनं कुणाला काही न सांगता ड्रायव्हिंगचा क्लास लावला आणि एके दिवशी लायसन्स त्यांच्या पुढ्यात ठेवलं. बाबांनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"फोटो बरा आलाय," म्हणाले. पण गाडीत बसेनात.

"माझ्या गाडीत मी शेजारी बसणार नाही." एवढं एकच वाक्य. पुढे तुम्ही कितीही डोकं फोडा.

त्यांना समजवायला म्हणून मी रजा काढून माहेरी आले. समजवणं राहिलं बाजूला, दुसऱ्याच दिवशी माझा पारा चढला. माणसाला आपला हात बरा व्हावा असं वाटू नये? मी घर डोक्यावर घेतलं. बाबा वर्तमानपत्र वाचत राहिले. आई मात्र शांतपणे भाजी निवडत म्हणाली, "तुमच्या गाडीत बसायचं नाही ना? मग ती मी माझी करते."

चार दिवसांनी घरी गाडीवर चिकटवायच्या नारिंगी व्हिनाइलचा गुंडाळा आला.

बाबांची गाडी राखाडी. राखाडी कपडे, राखाडी छत्री, राखाडी गाडी असा सगळा मामला. नारिंगी रंग त्यांना डोळ्यांसमोर नको असतो, आणि आईला तो मनापासून आवडतो, हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं ती त्यांच्या आवडीचे पडदे लावत आली होती.

"ही गाडी उभी दिसली की लोकांना वाटेल रस्ता खणायला आलेत," बाबा म्हणाले.

"वाटू दे. बाजूला तरी होतील," आई म्हणाली.

पोर्चमध्ये वारा नको, धूळ नको, म्हणून आम्ही दोन्ही बाजूंना जुन्या चादरी टांगल्या. गाडी धुतली, पुसली, मग स्पिरिटचा बोळा फिरवून पुन्हा पुसली, कारण धुळीचा एक कण जरी खाली राहिला तरी वर पुळी आल्यासारखं दिसतं. बाबा खुर्ची टाकून बसले. आईनं त्यांना बजावून ठेवलं होतं, "बघायचं असेल तर बघा. पण गाडी माझी आहे, तोंड उघडायचं नाही."

बॉनेटनं आमचा घाम काढला. मी एका बाजूनं मागचा कागद सोडवून व्हिनाइल धरलं, आईनं दुसऱ्या बाजूनं, आणि मधेच माझी बाजू चिकटली. उचलली, परत टाकली, परत सुरकुती. मी वैतागले आणि जोरात ताणलं, तर तिथला रंग फिका पडला. आई म्हणाली, "तू जरा लांब हो. तुझं सगळं धसमुसळं." मग तिनं एकटीनं हेअर ड्रायरची ऊब दिली, मधून कडेकडे पट्टी फिरवली, आणि हवा सरकत सरकत बाहेर गेली. बॉनेट आरशासारखं झालं. माझा धसमुसळेपणा मात्र कोपऱ्यात फिका डाग होऊन राहिला, तो आजही आहे.

दारांशी आल्यावर आईच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. "यात काय मोठंसं," ती म्हणाली, "तुझी शाळेची सगळी पुस्तकं मीच घातली कव्हरात." आणि तिनं खरोखर पुस्तकाला घालतात तसंच केलं. कडेनं चार बोटं जास्त ठेवून व्हिनाइल आत दुमडलं, कोपऱ्यांना घडीवर घडी घालून दाबून टाकलं. दिसायला दार देखणं. आईनं कौतुकानं ते लोटलं, आणि ते धप्पकन परत उघडलं. पुन्हा लोटलं, पुन्हा उघडलं. घड्यांचा तो जाड गठ्ठा दाराच्या रबरावर अडत होता.

मला हसू आवरेना. आई माझ्याकडे रागानं बघतच होती, तेवढ्यात मागून आवाज आला.

"कापा तो कोपरा. वही नाहीये ती."

बाबांनी अखेर तोंड उघडलं होतं. आईनं वळून पाहिलं. मला वाटलं, आता भांडण जुंपणार. पण तिनं नुसता ड्रायर त्यांच्यापुढे धरला. "बोलायचंच असेल तर हा धरा."

त्यांनी डाव्या हातात तो धरला. आई घड्या उलगडत गेली, बाबा ऊब देत गेले, मी कटरनं जास्तीचं कापत गेले. मध्ये बाबांचं चालूच होतं, इथं फुगलंय, तिथं राहिलंय, कटर आडवा धर. आई हूं की चूं न करता काम करत राहिली. शेवटचं दार 'खट्' करून बंद झालं तेव्हा आम्ही तिघंही घामानं निथळत होतो आणि मला उगाचच फार बरं वाटत होतं.

सोमवारी सकाळी आई पदर खोचून गाडीत बसली. बाबा काठी टेकत आले. गाडीला एक फेरी मारली, आणि मागचं दार उघडून मागच्या सीटवर जाऊन बसले.

आई आरशातून बघत म्हणाली, "अहो, मी काय टॅक्सी चालवतेय?"

"मी मागंच बरा."

"आता तर गाडी माझी आहे. आता काय झालं?"

बाबा खिडकीकडे बघत म्हणाले, "पुढं बसलो की माझा पाय ब्रेक शोधणार. तोंड गप्प बसणार नाही. परवा बघितलंस ना? तुझ्या कोपऱ्यालासुद्धा बोलल्याशिवाय राहवलं नाही. तू काही दिवस ऐकशील आणि एक दिवस घाबरून किल्ली ठेवून देशील. मग तू पुन्हा कधीच चालवायची नाहीस. माझ्या बोलण्यानं तू आधी बरंच काही सोडलंयस."

मी फाटकाशी उभी होते. आम्ही ज्याला हेका म्हणत होतो ती त्यांची भीती होती, आणि ती स्वतःच्या हाताबद्दल नव्हतीच.

आईनं डोळे पुसले नाहीत की काही नाही. तिनं हात लांब करून पुढचं दार आतून उघडलं.

"पुढं या. काय बोलायचंय ते बोला. मी ऐकणार नाहीये."

बाबा उतरले, काठी सावरत पुढे जाऊन बसले. गाडीनं एक गचका खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि ती फाटकाबाहेर पडली. रस्त्याच्या टोकाला वळताना मला काचेतून बाबांचा डावा हात जोरजोरात हलताना दिसला. बोलतच असणार. गाडी मात्र थांबली नाही.