नवसाचा दुधी

सुतळीची गाठ देठावरून पुन्हा घसरली. दुधी गुळगुळीत, चांगला हातभर लांब, आणि महादेवराव भर बाजारात उकिडवे बसून त्याच्या मानेला फास घालतायत — मानेला? दुधीला मान असते का? — आणि घाम नाकाच्या शेंड्यावरून नेमका त्या गाठीवर ठिबकतोय... बसली एकदाची. आता उठायचं, सुतळी हातात धरायची आणि कुत्रं फिरवावं तसा हा दुधी नांदुऱ्याच्या बाजारातून फिरवून आणायचा. खामगावच्या डॉक्टरांचा उपाय.

गोळी नाही, इंजेक्शन नाही. दुष्काळ सरल्यावर खामगावात आलेला हा तरुण डॉक्टर नुसते प्रश्न विचारायचा. उपचाराचं नाव कॉग्निटिव्ह असं काहीसं होतं. नांदुऱ्याला पोहोचेपर्यंत महादेवरावांच्या तोंडात ते निम्मंच उरलं. पण मतलब कळला होता. प्रसंगापेक्षा प्रसंगाबद्दलचा विचारच माणसाला जास्त घाबरवतो. तेव्हा त्या विचाराला धरायचं, पुरावा मागायचा, आणि नसेल तर बाहेर पडून पडताळा घ्यायचा. "लोक हसतील म्हणता ना? मग हसण्यासारखंच काहीतरी करा. आणि हसलेच तर पुढे काय होतं, तेही बघून या." पुढे काय होतं... हा काय प्रश्न झाला? लोक हसले की माणूस संपला, पुढे कसलं काय!

ते संपले होते चुलतभावाच्या लग्नात. अंतरपाटाचं एक टोक हातात, आणि हात असे कापायला लागले की मंगलाष्टकं व्हायच्या आतच पडदा खाली आला आणि नवरानवरीने एकमेकांना बघून घेतलं. अख्खा मांडव हसला. तेव्हापासून महादेवराव पोस्टाच्या जाळीमागे बसतील तेवढेच माणसांत. लग्नाला गेलेच तर शेवटच्या पंगतीला, खांबाआड. आणि उद्या देऊळघाटला भाचीचं, कोकिळेचं लग्न. बहीण सोजराबाई मुद्दाम येऊन बजावून गेली होती, "दादा, तू मामा. तू मांगं उभा नाही राह्यला तं पोरगी बोहल्यावर पाय ठेवनार नाही म्हन्ते. मंग तूच सांग व्याह्याले." रागाने म्हणाली असती तर निभावलं असतं, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या पाण्यापायी हा दुधी.

उठले. चालू लागले. दुधी मागून धुळीत गडगडत निघाला. आता हसतील... हा समोरचा भगवंतराव अडत्या तर नक्की हसणार, कुणाची टोपी उडाली तरी तासभर हसणारा माणूस — भगवंतरावांनी स्वतःचीच टोपी काढली आणि चक्क हात जोडले.

"कायचा नवस हाय, बाबूसाहेब?"

महादेवरावांच्या तोंडून शब्द फुटेना. भगवंतरावांनी तेही समजून घेतलं. "मौन हाय वाट्टे," ते मागच्यांना म्हणाले. "सरका बे बाजूले, वाट द्या!"

वाट मिळाली. शेगावच्या वाटेवर लोटांगणं घालत जाणारे या बाजाराने पाहिलेले. त्यांच्यापुढे एक दुधी म्हणजे काय! भाजीवाल्या मंजुळाबाई लगबगीने आल्या, दुधीला हळदकुंकू लावून पाया पडल्या. कुणीतरी विचारलं, "शेगावले पायीच का?" आणि त्याला तिसऱ्याच कुणीतरी "हाव, पायीच" असं ठणकावून सांगितलं.

डॉक्टर, याला काय म्हणायचं? कोणी हसलं नाही, म्हणजे माझी भीती खोटी? पण हे मला बघतायत कुठे, हे नवसाला बघतायत... मी इथे अब्रू घालवायला बाहेर पडलो, आणि ती मेली वाढतच चाललीय! महादेवरावांना खरोखर राग आला. आणि रागाच्या तळाशी — हे त्यांनी स्वतःशीही जरा दबक्या आवाजातच कबूल केलं — थोडं बरंही वाटत होतं. पाठ आपोआप ताठ झाली होती.

बांगड्यांच्या दुकानाच्या ओट्यावरून अख्तरीने हाक दिली. "काय मन्नत मांगली, भाऊ?"

नुसतं "हाव" म्हणायचं होतं. मान हलवली असती तरी चाललं असतं. असंच चालत गावाबाहेर जायचं, दुधी कुंपणाआड टाकायचा, आणि जन्मभर नवसाचा माणूस म्हणून मिरवायचं... पण भीती तशीच राहिली तर उद्या सोजराला काय सांगायचं?

"मन्नत नाही," महादेवराव म्हणाले. "मले मानसांचं भेव वाटते. लोकं हासतील म्हनून. तं डॉक्टर म्हने, दुधी फिरवून पाह्य, हासतात का."

अख्तरी अशी हसली की हातातल्या बांगड्या मांडीवर सांडल्या, पदर तोंडात कोंबूनही हसू आवरेना, शेजारचा अत्तरवाला धावत आला आणि ऐकून तोही हसला. महादेवरावांचे कान तापले, डोळ्यांपुढे नेहमीचा काळोख... ते उभे राहिले. आता आपण संपणार याची वाट पाहत उभे राहिले. एक बैलगाडी गेली. कुणी कुणा जहांगीरला हाक मारली, कुणी ओ दिली. मग हे संपणं अडलं कुठे?

"बसा भाऊ, पानी घ्या," अख्तरी डोळे पुसत म्हणाली. पेला धरताना हात कापला, निम्मं पाणी सदऱ्यावर गेलं, ती पुन्हा हसली, आणि आपणही हसतोय हे महादेवरावांना जरा उशिरानेच कळलं.

उद्या पाय लटपटणारच, डॉक्टर काही म्हणोत. ओल्या सदऱ्याने ओट्यावर बसल्या बसल्या त्यांना तो मांडव दिसला, आणि पहिल्यांदाच त्यात स्वतःच्या पायांपलीकडे कुणीतरी दिसलं. पिवळ्या लुगड्यात, मान खाली घातलेली, अंतरपाटाकडे तोंड केलेली कोकिळा... एवढीशी पोर, अनोळखी घरी चाललेली. पाय तर तिचेही लटपटत असतील. हे आपल्या ध्यानातच कसं आलं नाही?