पाच वेळा उसवलेली बाही

मित्रांनो, माझा खडखडाट ऐकून तुम्ही मला म्हातारी म्हणणार असाल, तर खुशाल म्हणा. मी पायानं चालवायची शिलाई मशीन आहे आणि बावीस वर्षं एकाच बाईच्या हाताखाली काढली आहेत. सहसा मी कुणावर वैतागत नाही. पण यंदाच्या लगीनसराईत एका मुलीनं मला असं मेटाकुटीला आणलं, की ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझा जन्म पंजाबातल्या कारखान्यात झाला. तिथून मी गारगोटी गावातल्या एका दुकानात आले. माझी ती बाई म्हणजे नजीरा. तिच्या वडिलांनी लेकीच्या लग्नात भांडी कमी दिली, पण मला दिलं. नवरीच्या शेजारी टेम्पोत बसून मी कसबा बावड्याला आले. तेव्हा माझ्या काळ्याभोर अंगावर सोनेरी वेलबुट्टी होती. शाळेचे गणवेश, साड्यांचे फॉल, झबली-टोपडी, सगळं आम्ही दोघींनी शिवलं. नजीराचा टाका उसवायला घेतला तर ब्लेड बोथट होतं, असं गल्लीतल्या बायका म्हणायच्या.

मग तयार कपड्यांचे दिवस आले. नजीरा भाकऱ्यांच्या ऑर्डरी घेऊ लागली आणि माझ्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग पडू लागला. माझा पट्टा सैल झाला, वेलबुट्टी पुसली गेली. कुणाचं लक्ष नव्हतं.

अशात फेब्रुवारीत प्रियदर्शनी आली. ती गल्लीतलीच मुलगी, पतसंस्थेत नोकरीला. तिचे वडील आकाराम दुधाच्या टेम्पोवर ड्रायव्हर.

"मावशी, लग्न माझ्या साठवलेल्या पैशात करायचं," ती नजीराला म्हणाली. "पप्पांना कर्ज काढू देणार न्हाय. पण दिसायला एकदम भारी पायजे."

तिनं मोबाईलवर एका नटीच्या ब्लाऊजचा फोटो दाखवला. त्यावर जरदोसी होती, मोती होते. प्रियदर्शनीच्या पिशवीत मात्र आईच्या विरलेल्या साडीचे काठ होते आणि महाद्वार रोडवरून आणलेलं साधं कापड. मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला.

नजीरानं काठ पारखून घेतले. "जमतंय," ती म्हणाली.

नुसतं ब्लाऊज असतं तर गोष्ट वेगळी. डेकोरेशनवाला परवडेना, म्हणून हॉलचे पडदेही घरीच शिवायचे ठरले. नजीराच्या खोलीत एवढं कापड मावेना, म्हणून मला उचलून आकारामांच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत नेलं. तिथे माझे हाल सुरू झाले.

प्रियदर्शनी रोज पतसंस्थेतून आली की नवा फोटो घेऊन समोर उभी. आधी बाही कोपरापर्यंत हवी होती. मग फुग्याची. मग फुगा नको, जाळीची. जाळीत हात काळा दिसतो म्हणून परत फुग्याची, पण लहान फुगा. शेवटी गाडी पुन्हा कोपरावर आली. एक बाही पाच वेळा उसवली, मित्रांनो. माझी सुई दोनदा मोडली. चिडून मी दोरा तोडायचे, तर नजीरा शांतपणे तो पुन्हा ओवायची. मला तर तिच्या शांतपणाचाच राग यायचा.

पण ब्लाऊज असं उतरलं, की प्रियदर्शनी आरशासमोरून हलेना.

दुसऱ्याच दिवशी होणाऱ्या सासूबाई, शालूबाई, कळंब्याहून अचानक आल्या. खुंटीला टांगलेलं ब्लाऊज त्यांनी हातात घेतलं, आतून-बाहेरून पाहिलं.

"कुठनं शिवून घेतलंस गं?"

"राजारामपुरीत एक बुटीक हाय, तिथनं," प्रियदर्शनी म्हणाली. मग आमच्याकडे बघून घाईघाईनं म्हणाली, "ह्या पडदे शिवायला आल्यात."

माझ्या पायडलवरचा नजीराचा पाय थांबला. क्षणभरच. मग ती पडद्याची दुमड पुढे शिवत राहिली. माझा मात्र असा संताप झाला, की सगळा पडदा गिळून टाकावा.

पाहुणी गेल्यावर प्रियदर्शनी जवळ आली. "मावशी, रागवू नका. त्यांच्यासमोर आपलं कमी दिसाय नको, म्हणून बोलले."

"राग न्हाय," नजीरा म्हणाली. "पण पाच येळा उसवताना ती बुटीकवाली बसलीती व्हय?"

पडदे पुरे करून नजीरा मला घरी घेऊन आली. शिलाईचे पैसे प्रियदर्शनीनं चोख दिले होते, पण नजीरा दोन दिवस माझ्यासमोर नुसती बसून राहिली.

तिसऱ्या दिवशी प्रियदर्शनी रडवेली होऊन दारात आली. शालूबाईंचा फोन आला होता. त्यांनाही लग्नासाठी त्याच बुटीकात ब्लाऊज शिवायचं होतं. नाव आणि पत्ता मागत होत्या.

"तुम्हीच शिवा, मावशी. मापाला त्यांचं जुनं ब्लाऊज आणून देते. बुटीकातनं आणलं म्हणून मी त्यांना पोचवते."

मला वाटलं, आता नजीरा हिला हाकलून देणार. नजीरानं फक्त विचारलं, "आणि उद्या त्यांच्या जावेला पायजे झालं तर? नणंदेला? लगीन झाल्यावर किती वर्सं माझं शिवण लपवून नेणार हाईस?"

प्रियदर्शनीनं हातातला मोबाईल पर्समध्ये टाकला.

"माप घ्यायला त्यांना हितं घिऊन ये," नजीरा म्हणाली. "तसं न्हाय जमलं, तर दुसरा टेलर बघ."

लग्नाला आठ दिवस उरले होते. मुलगी मान खाली घालून गेली. ती येईल असं मला मुळीच वाटलं नव्हतं. पण रविवारी सकाळी दारात स्कूटर थांबली आणि मागून शालूबाई उतरल्या. त्यांनी आमची एवढीशी खोली पाहिली, भाकऱ्यांचा तवा पाहिला, मला पाहिलं.

"बुटीक कुठाय?"

"हेच," प्रियदर्शनी म्हणाली. "मी खोटं बोलले, आई. माझं ब्लाऊज नजीरा मावशींनी शिवलंय. लगीन स्वस्तातलं हाय हे तुमास्नी कळू नये, असं वाटलं."

शालूबाई खुर्चीवर टेकल्या आणि पदरानं घाम पुसू लागल्या.

"दोन दिवस माझी झोप उडालीती," त्या म्हणाल्या. "बुटीकात किती घेतील ह्याच काळजीनं. सून तसलं घालणार आणि मी आपलं नेहमीचं घातलं, तर पोरीला कमीपणा वाटंल, म्हणून मागं लागलेते."

नजीरा आधी हसली. मग त्याही हसल्या. प्रियदर्शनी मात्र रडायला लागली. नजीरानं गळ्यातली टेप काढली. "उभ्या ऱ्हावा बघू सरळ," ती शालूबाईंना म्हणाली.

लग्नाला मला कोण नेणार? मी घरीच होते. संध्याकाळी नजीरानं आल्या आल्या शेजारणीला सगळं सांगितलं, ते मी ऐकलं. ब्लाऊजची चौकशी करणाऱ्या प्रत्येक बाईला प्रियदर्शनीनं नजीराकडे बोट दाखवलं होतं. पडद्यांसमोर फोटो निघाले, तेव्हा शालूबाईंनी हाताला धरून नजीराला शेजारी उभं केलं होतं.

आता आमच्या दारात मोबाईल घेतलेल्या मुलींची रांग असते आणि माझा वैताग चौपट झाला आहे. तो मी सोसेन. पण मित्रांनो, तुमच्या अंगावरचा कपडा बघून कुणी विचारलं, "कुणी शिवला?" तर उत्तर देताना अडखळू नका. आम्ही वाकडं कापड सरळ करतो, तोकडं कापड पुरवतो, म्हणाल तितक्या वेळा उसवून पुन्हा शिवतो. शिवणाऱ्या हातांचं नाव घ्यायला तुम्हाला एकच टाका घालावा लागतो. तेवढा घाला.